तिसरी रात्र: पाय मोडलेल्या एका फिटरचं प्रकरण

रात्री दीडला वॉर्डमधून फोन आला. "सर, तो नडगीच्या फ्रॅक्चरवाला. सलाइन उपटून फेकलंय, पलंगावरून उतरायला बघतोय. हात बांधलेत, तरी आवरत नाही."

मी पोचलो तेव्हा चारजण त्याला धरून होते. डाव्या पायात सकाळीच रॉड बसवलेला, त्यावर ताजं बँडेज. उजवा हात त्याने गॉजच्या बांधणीतून सोडवून घेतला होता आणि हवेत काहीतरी फिरवत होता. मूठ घट्ट, मनगटाचा अर्धा फेरा, हात मागे, पुन्हा अर्धा फेरा. आधी वाटलं झटका आलाय. मग तो वॉर्डातल्या मामांवर खेकसला, "आरं फ्लँज धर की नीट, नट ढिला झालाय!" तेव्हा कळलं की हा पाना फिरवतोय. मधेच थांबून चादरीवरचं काहीतरी चिमटीत धरायचा आणि खाली टाकायचा. "मुंग्या. ह्या बघा, हितनं निघाल्यात."

चादर स्वच्छ होती.

हे प्रकरण लिहायचं कारण एवढंच, की ही रात्र टाळता आली असती आणि ती ज्यांनी टाळायला हवी होती त्यांत मी होतो. ऑपरेशनआधी या रुग्णाला फिटनेस मीच दिला होता. गावाचं नाव आणि ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत.

दाखल होताना

वय ४४, साखर कारखान्यात फिटर. जुलै महिना, म्हणजे गाळप बंद आणि ओव्हरहॉलिंगची कामं सुरू. मंगळवारी संध्याकाळी कामावरून येताना पावसात मोटारसायकल घसरली. साडेआठला दाखल झाला तेव्हा तोंडाला वास होता आणि तशी नोंदही झाली. बायकोने सांगितलं, भिजला होता म्हणून थोडी घेतली. केसपेपरवर लिहिलं गेलं: 'मद्यपान – कधीतरी'. त्या दिवशी तो प्यायला होता हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. रोज पितो का, हे एकानेही विचारलं नाही. वासाची नोंद झाली आणि तो विषय तिथेच मिटला.

बुधवारी दुपारी मी त्याला तपासलं. नाडी ११२, रक्तदाब १६०/१००, तळहात ओले, हात पुढे धरायला सांगितल्यावर बोटं बारीक थरथरणारी. पाय मोडलाय, दुखतंय, उद्या ऑपरेशन आहे, घाबरलाय, असा मी अर्थ लावला. रक्ताचा रिपोर्ट हातात होता. प्लेटलेट ९२ हजार. तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, १०४. साधारण शंभरच्या आत असायला हवं. लिव्हरच्या दोन एन्झाइम्सपैकी एएसटी १४८ आणि एएलटी ६१. एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त दिसलं की आधी दारू आठवावी, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. मी मात्र प्लेटलेटवर गोल केला, डेंग्यूची तपासणी लिहिली, बीपीची एक गोळी सुरू केली आणि खाली 'फिट फॉर सर्जरी' लिहून सही केली. डेंग्यू निगेटिव्ह आला.

बुधवारी रात्री तो झोपला नाही. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यांनी नंतर सांगितलं, की पहाटेच्या सुमारास हा एकदम ताठ झाला, दात खाल्ले, मिनिटभर हातपाय झाडले आणि मग घोरायला लागला. त्यांना वाटलं स्वप्न पडलं असेल. फीट असणार, आज तरी माझं तसं मत आहे.

गुरुवारी सकाळी दहाला ऑपरेशन झालं. कण्यात भूल दिली आणि जोडीला झोपेसाठी मिडाझोलाम. ऑपरेशननंतर संध्याकाळपर्यंत तो इतका शांत होता की सर्जननी नोंदीत तसा शब्दच लिहिला. ही शांतता उसनी होती. मिडाझोलाम मेंदूत ज्या ठिकाणी काम करतं, दारू जवळपास तिथेच करते. नकळत का होईना, त्याला काही तासांपुरता बदली डोस मिळाला होता. तो ओसरला आणि अकराच्या सुमारास मुंग्या निघाल्या.

रात्री दीड ते तीन

नाडी १३८, रक्तदाब १७६/१०८, ताप १०१, अंग घामाने निथळत होतं. स्वतःचं नाव सांगत होता; बाकी ठिकाण कारखाना आणि वेळ सेकंड शिफ्ट. आधी निवासी डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं होतं. भास दिसले की हात त्याच औषधाकडे जातो. पण अशा रुग्णात एकट्या हॅलोपेरिडॉलने मूळ बिघाड तसाच राहतो आणि फीट यायची शक्यता मात्र वाढते.

ऑर्थोपेडिक सर्जनना वेगळीच धास्ती होती आणि ती योग्य होती. लांब हाड मोडल्यावर मज्जेतली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात आणि मेंदूत अडकते, तेही एक ते तीन दिवसांच्या आत, आणि माणूस असाच बरळायला लागतो. पण त्यात धाप लागते, ऑक्सिजन खाली जातो, छातीवर आणि काखेत बारीक लाल ठिपके उठतात. याचा ऑक्सिजन ९७ होता आणि त्वचा साफ. साखर १४२, सोडियम १३३, म्हणजे दोन्हींत असा भ्रम व्हावा असं काही नव्हतं. डोक्याला मार लागून आत रक्त साचलं असेल का? सकाळी सीटी स्कॅन केलं, साफ निघालं. लिव्हरमुळे येणाऱ्या भ्रमात रुग्ण गुंगीत जातो आणि हात पंख्यासारखे फडफडतात. हा तर चौघांना आवरत नव्हता.

बाहेर त्याची आई अंगारा घेऊन उभी होती. गाडी घसरली ती ओढ्याजवळच्या वळणावर, तिथलंच काहीतरी लागलंय असं तिचं म्हणणं. मी तिला अंगारा लावू दिला. त्याने काही बिघडत नव्हतं, आणि आमच्या केसपेपरवर तरी त्या क्षणी तिच्याहून बरं निदान कुठे होतं?

मग सुनेला जिन्याजवळ बाजूला घेतलं.

"ताई, खरं सांगा. रोज घेतात का?"

ती गप्प.

"सकाळी हात थरथरतात का त्यांचे?"

"चहाची बशी धरवत न्हाई सकाळी," ती म्हणाली. "म्हून आधी थोडी लागती. मग चहा."

"दिवसाला किती?"

"दोन क्वार्टर. पगाराच्या दिवशी जास्त."

"किती वर्षं?"

"धाकटी झाली तवापास्नं. बारावं लागलं तिला."

आधी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर तिने उलट मलाच विचारलं, "सांगितलं असतं तर आप्रेशन केलं असतं का तुमी? आन् इम्याचं पैसं?" विम्याचं तिचं भय खोटं नव्हतं. पिऊन गाडी चालवताना झालेल्या अपघाताचा दावा कंपन्या नाकारू शकतात. नवऱ्याच्या पायासाठी ती त्याची दारू झाकत होती. दारू झाकल्याने काय होईल, हे तिला कोण सांगणार होतं?

हिशेब

विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे ६० ग्रॅम. दोन क्वार्टरचं १२०. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम संपवतं आणि जास्त प्यायलं म्हणून त्याच प्रमाणात वेग वाढवत नाही. रोज पिणाऱ्याचा वेग थोडा जास्त असतो हे धरलं, तरी या माणसाच्या रक्तात चोवीसपैकी बारा-पंधरा तास अल्कोहोल असणार. बारा वर्षं. दारू हा त्याच्यासाठी रोजचा कार्यक्रम नव्हता, हवामान होतं.

अशा हवामानात मेंदू काय करतो? अल्कोहोल 'गाबा' या शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवतं आणि 'ग्लुटामेट' या चेतवणाऱ्या रसायनाचं दाबतं. पहिल्या पेगला सैल वाटतं, जीभ सुटते, दुसऱ्या-तिसऱ्याला तोल जातो, ते यामुळे. पण रोज दाबलं गेलं की मेंदू उलट जोर लावायला शिकतो. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर चढावर निघाला की ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबूनच ठेवतो. पाहणाऱ्याला ट्रॅक्टर संथ दिसतो, इंजिन मात्र फुल जोरात असतं. आता मधेच ट्रॉलीची पिन निघाली तर? मंगळवारी संध्याकाळी सहाला, शेवटच्या घोटानंतर, या माणसाची पिन निघाली. बुधवारी दुपारी मी मोजलेली ११२ ची नाडी म्हणजे उसळी घ्यायला लागलेला ट्रॅक्टर होता.

याचं वेळापत्रक बरंचसं ठरलेलं असतं. सहा ते बारा तासांत कंप, घाम, मळमळ, बेचैनी. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फीट येऊ शकते. अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या मध्ये, सगळ्यांना नाही पण काहींना, डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे कंपासकट भ्रम आणि भास. वॉर्डच्या भाषेत डीटी. त्याच्या पहाटेच्या फीटला तेहेतीसच्या आसपास तास झाले होते आणि मुंग्यांना त्रेपन्न. पुस्तकाशी इतका तंतोतंत जुळणारा रुग्ण मी क्वचित पाहिला असेन, आणि तरी तो माझ्या नजरेतून सुटला.

थॉमस सटन या इंग्लिश डॉक्टरने १८१३ मध्ये या आजाराला हे नाव दिलं. पण हा दारूच्या विषाने होतो, उपासमारीने होतो की दारू थांबल्याने, यावर पुढे शंभराहून जास्त वर्षं वाद चालला. तो मिटवायला मोठा हातभार लागला १९५५ च्या अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा. लेक्सिंग्टन इथे हॅरिस इसबेल आणि सहकाऱ्यांनी पूर्वी मॉर्फिनचं व्यसन असलेल्या दहा माणसांना चांगलं जेवण देऊन रोज भरपूर दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. सात-आठ आठवडे आणि त्याहून जास्त काळ प्यायलेल्यांना फीट आल्या, भास झाले. जेवण व्यवस्थित होतं. थांबली होती ती फक्त दारू. असा प्रयोग आज कुठलीही नैतिकता समिती करू देणार नाही, आणि देऊही नये.

हे कळलं की 'उतारा' या शब्दाकडेही वेगळं पाहावं लागतं. सकाळची ती थोडी चढलेली उतरवायला नसते. रात्रभरात पातळी खाली आलेली असते, मेंदू उसळायला लागलेला असतो, हातात बशी खडखडत असते. तो घोट म्हणजे औषधाचा डोस असतो. "मी सकाळी फक्त दोन घोट घेतो" असं कुणी सांगितलं तर प्रमाण कमी म्हणून हायसं वाटून घेऊ नये. संध्याकाळच्या क्वार्टरपेक्षा ते दोन घोट जास्त बोलतात.

उपचार

हातांची बांधणी सोडली. बांधलेला माणूस ओढाताण करून आणखी तापतो, स्नायू फाटतात. चार खाटांच्या आयसीयूत हलवलं, दिवा चालू ठेवला, बायकोला उशाशी बसवलं. लोराझेपाम, म्हणजे मिडाझोलामच्याच जातीचं औषध, शिरेतून थोडं थोडं, दर वेळी श्वास पाहून, तो हाक मारली तर उठेल एवढाच झोपेपर्यंत. सकाळपर्यंत १८ मिलिग्रॅम लागलं. डायझेपामही चाललं असतं, पण लिव्हर थकलेलं असताना ते आणि त्याचे अवशेष अंगात साठतात. विथड्रॉवलची, म्हणजे दारू थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची, तीव्रता मोजायला दहा प्रश्नांची आणि ६७ गुणांची एक पट्टी असते. पण 'अंगावर काही सरपटल्यासारखं वाटतं का' याचं उत्तर द्यायला रुग्ण भानावर लागतो. ती पट्टी बुधवारी दुपारी वापरायची होती.

आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलं ते हे. मंगळवारपासून त्याला डेक्स्ट्रोज सलाइन चालू होतं, म्हणजे साखरेचं पाणी. साखर जाळायला पेशींना थायमिन लागतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांत संपणारा. रोज पिणारा माणूस एक तर जेवत नाही, आणि जेवला तरी अल्कोहोलमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषलं जात नाही. अशा रिकाम्या माणसाला नुसती साखर चढवली तर उरलंसुरलं थायमिनही तिच्यातच खर्च होतं आणि मेंदूच्या खोल भागातल्या पेशी उपाशी पडतात. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला हाच तो आजार: भ्रम, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणे. तिन्ही लक्षणं एकत्र दिसणारे रुग्ण सहांत एखादा. उरलेल्यांना आम्ही "प्यायलाय" म्हणून सोडून देतो.

पहाटे तो जरा निवला तेव्हा बोट डावी-उजवीकडे फिरवून डोळे पाहिले. कडेला नेले की बुबुळं थरथरत होती. भ्रम तर होताच. राहिली चाल. पण ज्याच्या नडगीत कालच रॉड घातलाय त्याला चालवून बघायचं कसं? एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून सरकवायची नेहमीची चाचणीही अर्धीच करता आली. पलंगावर आधाराशिवाय बसवलं तर एका बाजूला कलंडत होता. तेवढ्यावर निदान धरलं. थायमिन ५०० मिलिग्रॅम शिरेतून, दिवसातून तीनदा. पोटॅशियम २.९ होतं, तेही भरलं. मॅग्नेशियमही, कारण ते नसेल तर थायमिन कामाला लागत नाही.

रविवारी रात्री तो पहिल्यांदा शांत झोपला. सोमवारी सकाळी बायकोला विचारलं, "आज वार कंचा?" मधले तीन दिवस त्याच्याकडे नव्हते. मुंग्या तेवढ्या अंधुक आठवत होत्या, आणि त्यांची त्याला लाज वाटत होती.

शरीर किती परत येतं

मी अपेक्षा केली होती त्याहून पुष्कळ. प्लेटलेट दहाव्या दिवशी २ लाख १० हजार; अल्कोहोल अस्थिमज्जेला दाबून धरतं, हात काढला की ती लगेच उठते. रक्तदाब तिसऱ्या आठवड्यात १२८/८४, माझी गोळी बंद करून. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी होती, पण ते आक्रसलेलं नव्हतं, आणि चरबी दारू सोडल्यावर काही आठवड्यांत उतरायला लागते. एमसीव्ही मात्र हळू चालतं, तांबडी पेशी १२० दिवस जगते. डोळ्यांची थरथर चार दिवसांत गेली.

मनाचं वेळापत्रक वेगळं निघालं. झोप लागावी म्हणून पितो, असं त्याचं आधीपासूनचं म्हणणं. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री पातळी उतरली की ती तुटते आणि स्वप्नांची झोप तर दबलेलीच राहते. तो रोज तीनला उठायचा आणि बाटलीकडे जायचा, असं बायकोने सांगितलं. आता दारू नसतानाही दोन महिने तो तीनलाच उठत होता. पहिले तीन-चार आठवडे उदास, चिडका; त्यासाठी लगेच गोळ्या सुरू केल्या नाहीत, कारण यातलं बरंच आपोआप निवतं, आणि याचं निवलं.

आठवण नाही निवली. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले तर एक आठवायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याने मला सविस्तर सांगितलं, की काल चाकणचा भाऊ भेटायला आला होता, त्याने डाळिंबं आणली. भाऊ आलाच नव्हता. तो खोटं बोलत नव्हता. रिकाम्या जागेत मेंदूने डाळिंबं ठेवली होती. सेर्गेई कोर्साकॉव्ह यांनी १८८७ पासून मांडलेला स्मृतिभ्रंश तो हाच. आमच्या रुग्णात तो अर्धवट होता आणि हळूहळू सुधारला, सगळा नाही. कारखान्याचं मशीन तो आजही उघडून जोडतो, हातांना सगळं आठवतं. सकाळी कुठला पार्ट मागवला ते विसरतो.

एकदम बंद करणं

पिणारा माणूस दारू एकदम कधी सोडतो? हॉस्पिटलमध्ये, लॉकअपमध्ये, गळ्यात माळ घातल्यावर, नवरात्रात, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गटारीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण लागला की. मार्च २०२० च्या शेवटी दुकानं बंद झाली तेव्हा आमच्याकडे आठवडाभरात असे रुग्ण ओळीने आले. घरचे कौतुकाने सांगतात, "चार दिवस शिवला नाही." शनिवार-रविवारी दोन पेग घेणाऱ्याला श्रावण पाळून काही होत नाही. पण ज्याला सकाळी उतारा लागतो, ज्याला पूर्वी सोडताना फीट आली आहे, त्याने मनाच्या जोरावर घरी सोडू नये. सोडावी जरूर, आठवडाभर दाखल होऊन, औषधाखाली सोडावी. पुढे न पिता राहायला नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, बैठका आहेत, पुण्यातलं १९८६ पासूनचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. ते काम लांबचं आहे आणि ते करणारे माझ्याहून जाणते आहेत.

आमच्या फिटनेसच्या फॉर्मवर 'मद्यपान: हो / नाही / कधीतरी' असा रकाना होता. तो काढून तीन ओळी घातल्या: सकाळी लागते का, शेवटची किती वाजता घेतली, आणि हे रुग्णाखेरीज कुणाला विचारलं. सर्जन मंडळी फॉर्म लांबला म्हणून कुरकुरतात.

सातव्या आठवड्यात तो काठी घेऊन ओपीडीत आला. मी काठी बाजूला ठेवायला सांगितली आणि फरशीच्या सांध्यावरून चालायला लावलं. पावलं फाकवून, जपून चालला. पायामुळे की मेंदूमुळे, हे अजूनही ठामपणे सांगता येत नाही. थोडं दोन्हीमुळे असावं.

गणपतीत त्याने दोन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बायकोचा फोन आला. ओरडणं नाही, रडणं नाही. "सायेब, रातच्याला सगळी ओतून दिली म्या. आता हात हालाय लागल्यात त्येंचं. घरी ठिवू का घिऊन येऊ?"

एकदा डीटी होऊन गेलेल्याचा पुढचा विथड्रॉवल आधीपेक्षा जोरात येऊ शकतो. रिक्षा करून लगेच या म्हटलं, आणि पोचेपर्यंत चहात साखर घालून देऊ नका, नुसतं पाणी द्या, असंही. आठ वाजता ती दोघं आली. केसपेपरवर वेळ तिनेच सांगितली: शेवटची, काल रात्री साडेनऊ.